टेबलावरचं बेट

महिपती सरांच्या टेबलाभोवती चिलटं घोंगावत होती आणि सर त्यांना हाकलत नव्हते.

पोलादपुरात एकतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या सरांनी सकाळीच मोबाइलवर वाचलं होतं, की बुरशीवर वाढणाऱ्या चिलटांचा एक गट फक्त दूरच्या, एकाकी बेटांवर सापडतो. त्याची फारशी कुणाला माहिती नाही. सरांचीही नव्हती. त्यामुळे जवळीक वाटली.

"अगो, स्वयंपाकघरात आहेत का ही?"

"नाय," सरांच्या पत्नी ठकूबाई म्हणाल्या. "माजघरात नाय, ओटीवर नाय. तुमच्याच टेबलावर हायत. फडका मारू?"

"खबरदार. एकाच जागी आहेत, म्हणजे हे बेट झालं. कदाचित नवीच जात असेल. माझं नाव लागेल तिला."

"आणि समुद्र कुठं हाय?"

"चारी बाजूंनी तुझी केरसुणी फिरते, मधे माझं टेबल. समुद्र आणखी काय वेगळा असतो?"

सरांनी माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर बातमी टाकली. संध्याकाळी त्यातल्या हृतिकने स्टँडसमोर बॅनर लावला: 'नव्या कीटकाचे जनक'. 'जनक' वाचून सर जरा संकोचले. पण फोटो चांगला आला होता. चिलटाचा नव्हे, सरांचा. रविवारी शाळेत सत्कार ठरला. आता चिलट नवं निघणं भागच होतं.

शनिवारी राजनंदिनी आली. सरांची विद्यार्थिनी, आता पुण्यात कीटकांचीच अभ्यासक. तिने भिंगातून चिलट पाहिलं, मग टेबलावरची मनीप्लँटची कुंडी पाहिली.

"सर, ही साधीच चिलटं. ओल्या मातीला बुरशी आली की कुठंही होतात. रोज पाणी कोण घालतं?"

"कुणीच नाय," ठकूबाई म्हणाल्या. "ते आपोआप वाढतं, असं हेच सांगतात."

"माती तर चिंब आहे. वासही उग्र येतोय."

ठकूबाईंनी कुंडी नाकाजवळ नेली. चार महिने त्या सरांना साखरेसाठी रोज कारल्याचा रस देत होत्या आणि रिकामा पेला बघून शेजारणीपाशी नवऱ्याचं कौतुक करत होत्या.

"अहो," त्या शांतपणे म्हणाल्या, "साखर उतरत नाय म्हणून मी दोन डॉक्टर बदलले."

सर बॅनरवरच्यासारखं हसायचा प्रयत्न करू लागले.

सत्कार झाला, कारण शाल आणून झाली होती. भाषणात सरांनी सगळं कबूल केलं. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या. पहिली ठकूबाईंची होती.

सोमवारपासून पेला रिकामा होईपर्यंत त्या टेबलासमोर उभ्या राहू लागल्या. पंधरा दिवसांत त्या बेटावरची चिलटं नामशेष झाली.