उतरले, पण कळवायचं राहिलं

माझ्या ग्रुपात शिस्त आहे म्हणजे आहे! तुमच्या सोसायटीच्या ग्रुपासारखी गुलाबाची फुलं आणि सुविचार माझ्याकडे चालत नाहीत. 'झाडवाले, मुलुंड ते घाटकोपर.' सगळे झाडावर चढून फांद्या छाटणारे, आणि त्यांची अ‍ॅडमिन मी, भांडुपची मालनकाकी. शिकलेय चौथी. पण एकेचाळीस बाप्यांना गप्प बसवायला चौथी पुष्कळ झाली!

नियम सोपा. झाडाला हात लावण्याआधी लिहायचं 'चढलो'. जमिनीला पाय लागले की 'उतरलो'. आमचे हे घाटकोपरला माडावरून पडले तेव्हा तीन तास तिथेच पडून होते, कुणाला पत्ता नाही. आज काठी घेऊन चालतात. तेव्हापासून हा नियम. 'उतरलो' लिहायला विसरला, की आठ दिवस ग्रुपाबाहेर. कोण का असेना!

त्या रविवारी मी ठरवलं, ग्रुपातल्या वाळक्या फांद्या छाटून टाकायच्या. म्हणजे जे मेले नुसते वाचतात आणि तोंड उघडत नाहीत ते. पहिला नंबर विद्याधरचा. दोन वर्षांत 'चढलो-उतरलो' सोडून एक अक्षर नाही! माझ्या नवीन साडीच्या फोटोला साधा अंगठासुद्धा नाही. तसा कुणाचाच आला नव्हता म्हणा.

माझी सून दीप्ती ग्रुपाची दुसरी अ‍ॅडमिन. बटणं तिला कळतात म्हणून.

"आई, असू दे ना. कामापुरतं बोलतो बिचारा."

"मुका आहे का तो? काढ त्याला!"

तिचं बोट बटणावर जाणार, तेवढ्यात मला दिसलं. राजारामने सकाळी नऊला लिहिलेलं, 'चढलो. मुलुंड पूर्व, आम्रकुंज सोसायटी, आंबा.' आता वाजले होते बारा. 'उतरलो' नाही!

फोन लावला. वाजतोय, वाजतोय, उचलत नाही. तो घाटकोपरचा माड डोळ्यांसमोर उभा राहिला. ग्रुपात बोलून टाकलं, "राजाराम उतरला नाही! फोन उचलत नाही! जवळ असेल त्याने पळा!"

निलेश म्हणून एक आहे, त्याने दोन मिनिटांत राजारामचा फोटो टाकला. हार घातलेला! बाजूला समई! मग काय विचारता! वर्षभर ज्यांचं नखही दिसलं नव्हतं ते पावसाळ्यातल्या अळंब्यांसारखे उगवले. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'देवमाणूस गेला.' एकाने तर विचारलं, 'त्याचा राहिलेला आंबा कोण छाटणार?' मेल्या, जरा दम तरी धर!

मी निलेशला फोन केला.

"अरे, बघितलंस का तू त्याला?"

"नाय काकी. पण तीन तास उतरला नाय म्हणजे..."

"म्हणजे काय? तू आहेस कुठे?"

"घरी. मटण शिजतंय."

मी रिक्षा पकडली. आम्रकुंजच्या फाटकातून शिरले, बघते तर आंब्याखाली विद्याधर! खांद्यावर दोराची गुंडाळी, मान वर करून फांद्यांत राजारामला शोधतोय. मागे आणखी तिघे. चौघे माझ्या यादीतले, वाळक्या फांद्याच सगळ्या.

"तू कधी आलास रे?"

"तुम्ही बोललात तेव्हा."

एवढंच! मी पुन्हा राजारामला फोन लावला. रिंग वाजली ती डोक्यावर, आंब्यात! "राजाराम! बोल रे बाबा!" मी हंबरडाच फोडला.

"काकी, चहा घेणार?"

वळून बघते तर केबिनीतून वॉचमन येतोय. वॉचमन कसला, वॉचमनच्या कपड्यातला राजाराम! तोंड सुजून भोपळ्याएवढं.

"तांबड्या मुंग्यांचं घर होतं काकी! अंगभर चढल्या! फोन बेचक्यात राहिला, मी आलो घसरत. कपडे धुऊन वाळत घातलेत."

"मग 'उतरलो' कोण लिहिणार? तुझा आजा?"

"फोन वर ना! लिहायला परत चढायला पाहिजे. चढायचं तर आधी 'चढलो' लिहायला पाहिजे. त्याला फोन पाहिजे. नियम तुमचाच!"

"वॉचमनच्या फोनवरून कळवायचं!"

"नंबर कुणाला पाठ असतात, काकी?"

वाळक्या फांद्या फिसकन हसल्या. मला असा संताप आला! मुंग्यांना घाबरतात! गावाला फणसावर चढणारी पोर मी. आता सहासष्टची असले म्हणून काय झालं? शिडी लावलेलीच होती. नियमाने ग्रुपात 'चढले' लिहिलं, पदर खोचला आणि चढले!

बेचक्यातला फोन कमरेला खोचला, आणि मुंग्यांना माझा पत्ता लागला. पोटऱ्या, पाठ, आणि बाईमाणसाने सांगू नये तिथेसुद्धा! पाय शिडी शोधतायत, शिडी काही सापडत नाही.

"विद्याधर! मेले रे!"

तर या पठ्ठ्याने शिडीला पाय लावण्याआधी खिशातून फोन काढला आणि सावकाश लिहिलं, 'चढलो'. मुंग्या मला खातायत आणि हा नियम पाळतोय!

मग मला दोराच्या झोळीत बसवलं आणि जाड फांदी उतरवतात तशी उतरवली.

"ताण धर! जड माल आहे!"

"माल कुणाला म्हणतोस रे?" मी अधांतरी ओरडले.

खिडक्याखिडक्यांतून सोसायटी माझे फोटो काढत होती. तशीच रिक्षात बसले, घरी येऊन अंगाला खोबरेल चोपडलं आणि आडवी झाले. संध्याकाळी फोन उघडते, तर ग्रुपच बंद!

"दीप्ती! काय झालं गं ग्रुपाला?"

"काढलं तुम्हाला. 'चढले' लिहिलंत, 'उतरले' नाही लिहिलंत. दिवेलागणीपर्यंत वाट बघितली मी. आठ दिवस बाहेर."

"अगं, चार बाप्यांनी दोराने उतरवलं मला!"

"नियमात दोराचं काही नाही, आई. कोण का असेना, तुम्हीच म्हणालात."

तिच्या फोनात डोकावले. निलेशने माझा फोटो टाकलेला. हार, समई, सगळं! खाली श्रद्धांजल्यांची रांग. त्यात कुठेतरी विद्याधरचं दोन वर्षांतलं पहिलं वाक्य, 'काकी उतरल्या. मी बघितलं.' त्याच्याकडे कोण बघतंय!

आज पाचवा दिवस. तुमच्या ओळखीत कुणी झाडवाला असेल तर त्याला एवढं कळवा, की मालनकाकी उतरल्या आहेत. आणि ग्रुपातला तो हाराचा फोटो काढून टाकायला सांगा.

नाहीतर राहू दे. नवीन साडीतला आहे तो. चांगले छत्तीस अंगठे आलेत त्याला!