जमीन धरणारं चाक

आमच्या केनवडच्या शाळेत पाहुणा आला, की विज्ञानाचे गावंडे सर नमस्काराआधी खाली वाकतात. पाहुण्याला वाटतं, पाया पडताहेत. सर त्याच्या गाडीचं टायर पाहत असतात. "घासलं. मानूस भरवशाचा नाही," असा निकाल तिथल्या तिथे लागतो.

यंदा आमच्या मुलींचा रोबो अमरावतीच्या स्पर्धेला निघाला. समोरच्या रोबोला रिंगणाबाहेर ढकलायचं, एवढाच खेळ. त्यासाठी संस्थेच्या अध्यक्षांनी चकचकीत चाकं मागवली. कडेभोवती छोटे रोलर, त्यामुळे रोबो खेकड्यासारखा आडवाही चालतो. अध्यक्षांना आडव्या चालीचं कौतुक असणं स्वाभाविकच होतं.

सर भडकले. "आडवं जाऊन करायचं काय? वरातीत नाचवता काय त्याले? ढकलाले जमीन धरा लागते, साहेब! हे चाक धरतच नाही."

"गावंडे, जग कुठं चाललंय ते पाहा."

"आडवं चालून राह्यलं. दिसून राह्यलं मले."

चाकं तीच राहिली. निरोपाच्या समारंभात हार झाले, नारळ झाला, भाषणं तर झालीच. मग नवी गाडी म्हणून अध्यक्षांनी रोबोच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबू चिरडेना. एक चाक त्यावर चढून बसलं, बाकीची घसरली आणि रोबो समईभोवती गरगर फिरू लागला.

"गावंडे सरांनी चाकं नीट बसवली नाहीत," अध्यक्ष माइकवर म्हणाले.

सरांना माइक लागला नाही. "लिंबू चिरडत नाही ते रोबो काय लोटीन? पोरी हरतीन, अन् तुमी फोटोत राहान!" एवढं बोलून ते तडक घरी गेले.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. समजूत घालायला, पण राग मलाही आला होता, आणि तो सरांवर नव्हता. पडवीत ते एकटेच पुटपुटत बसले होते. पुढ्यात सरांच्या पत्नीची, आमच्या वहिनींची, चाकाची खुर्ची. वहिनी गेल्यावर ती दवाखान्यासाठी मागायला आलेल्यांच्या अंगावर सर धावून गेले होते. आज तिची पुढची दोन रबरी चाकं त्यांनी स्वतःच काढली होती.

"हे दोन मागं लावा, पुढं चाकाच्या जागी फिरती लोखंडी गोळी. पोरीयले नेऊन देजा."

"तुम्हीच द्या की."

"मी आलो त साहेब अडून बसतीन." चाकावरून अंगठा फिरवत ते हळूच म्हणाले, "न्हानीतली फरशी ओली राहे. पन तिले घेऊन कदी घसरलं नाही हे."

चाकं गेल्यामुळे खुर्ची पुढे वाकली होती. सरांनी तिच्याखाली लाकडी ठोकळे सरकवले आणि तिला सरळ केलं.