मिलिग्रॅमरावांचं सूप

माणसाने बायकोला "तू बिनधास्त जा, इथलं मी बघतो" एवढं सांगून गप्प बसावं. मिलिग्रॅमराव गप्प बसले नाहीत. "शनिवारी दुपारी घरी जेवायला ये, मग तुझी खात्री पटेल," असंही बोलून गेले.

मिलिग्रॅमराव हे त्यांचं ऑफिसातलं नाव. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं घालवलेला हा गृहस्थ घरीसुद्धा साखर वजन करून चहात घालायचा. (चहा बायको करायची.)

बायको पुलांची इंजिनिअर. दूरच्या शहरातल्या एका मोठ्या पुलाचं काम तिच्याकडे चालून आलं होतं, वर्षभरासाठी, तेही मुख्य म्हणून. असं काम पुन्हा मिळणार नव्हतं. शनिवारी संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता आणि आठवडाभर तिचं आपलं "बघू" चाललं होतं. घरात कोण, तर तिचे एक्याऐंशी वर्षांचे वडील आणि दूध उतू गेल्याचं वासावरून कळणारा नवरा. आपल्यापायी तिचा पूल अडतोय, ही गोष्ट मिलिग्रॅमरावांना मनापासून लागली होती.

आता, साधं काहीतरी रांधलं असतं तर निभावलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी ती आग्नेय आशियात पूल बघायला गेली होती आणि तिथलं मसालेदार चिकन नूडल सूप दहा दिवसांत अकरा वेळा प्यायली होती. मिलिग्रॅमरावांनी तेच धरलं.

शनिवारी सकाळी ती कामावर गेली आणि ह्यांनी कंबर कसली. ओली हळद अठरा ग्रॅम, मिरच्या बावीस ग्रॅम, गवती चहाच्या कांड्या, लसूण, धणे. सगळं वाटून, परतून, हाडांसकट कोंबडीबरोबर मोठ्या पातेल्यात मंद आचेवर चढवलं. वहीत वेळ लिहिली. स्वयंपाकघराच्या दारात सासरे खुर्ची टाकून बसले होते. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली, त्यामुळे दुसऱ्याचं काम बघत बसायची त्यांना आवडच होती.

"किती वेळ लागेल, जावईबापू?"

"चार तास, बाबा."

"चार तासांत मी भिंतीवरचं घड्याळ अख्खं खोलून परत जोडायचो."

"त्याला असा वास सुटायचा का?"

सासऱ्यांनी नाक वर केलं, दोनदा वास घेतला आणि खुर्ची थोडी आत सरकवली. वास खरोखरच असा होता की समोरची शेजारीण विनाकारण दोनदा येऊन "काही हवंय का?" विचारून गेली.

सव्वा वाजला. आता फक्त सूप गाळायचं, नारळाचं दूध घालायचं, नूडल्सवर ओतायचं. मिलिग्रॅमराव खुशीत होते. गाळणं हा तर त्यांचा हातखंडा. त्यांनी बेसिनमध्ये मोठी चाळणी ठेवली, पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि एकही थेंब ओट्यावर न सांडता ओतलं. चाळणी नीट झटकली. वर राहिलेलं सगळं वाडग्यात काढून तराजूवर ठेवलं.

"एक किलो एकशे चाळीस," त्यांनी समाधानाने वहीत लिहिलं.

"काय वजन केलंत?" सासऱ्यांनी विचारलं.

"राहिलेला गाळ."

"आणि सूप?"

मिलिग्रॅमरावांनी बेसिनकडे पाहिलं. बावीस वर्षं रोज पाणी गाळायचं, वरचा गाळ जपून वजनाला ठेवायचा आणि खालचं पाणी सोडून द्यायचं, ही त्यांची नोकरी. हातांनी नोकरी चोख केली होती.

"बाबा," ते बसक्या आवाजात म्हणाले, "तिला सांगू नका."

"मी कशाला सांगू? तिला जीभ आहे."

दीड वाजता ती आली. तोवर हाडांवर पुन्हा उकळतं पाणी ओतून, नारळाचं दूध आणि मूठभर मीठ (वजन न करता) घालून तीन वाडगे मांडले होते. तिने एक चमचा घेतला. दुसरा घेतला. मग चमचा खाली ठेवून तिने वाडग्यात वाकून पाहिलं. मिलिग्रॅमरावांनी सगळं सांगून टाकलं, वहीतल्या नोंदीसकट. शेवटी म्हणाले, "माझ्यामुळे तुझा पूल गेला."

ती हसायला लागली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग डोळे पुसत म्हणाली, "अहो, घराबाहेरूनच इतका छान वास आला की मी दारातच थबकले. वाटलं, ह्यांना सगळं जमतंय. वर्षाने परत आले तर इथे माझं काय काम? ह्याच धास्तीने तर आठवडाभर बघू बघू करत होते. आता सुखाने जाते."

मिलिग्रॅमरावांचा जीव भांड्यात पडला. कसं का होईना, बायकोला पाठवण्याचं काम आपण फत्ते केलं, असं वाटून त्यांची मान जरा ताठ झाली. तिने तिथल्या तिथे साहेबांना फोन लावला. होकार दिला. पलीकडून काहीतरी विचारणा झाली असावी.

"नाही नाही, घरची काहीच अडचण नाही," ती म्हणाली. "वडील आहेत ना, एक्याऐंशी वर्षांचे. ते ह्यांना सांभाळतील."