डागी पाइपातली हाक

आमच्या सहकारी कारखान्यातून पाइप बाहेर पडला की नाना आधी त्यात हाक मारतात, "गयेऽ, ऐकू येतंय का?" मग कान लावून थांबतात. गयाबाई त्यांची बायको. ती लांब डोंगरवस्तीवर, नाना कामासाठी पाटोद्यात. आम्ही हसतो.

नानांना मशीनबद्दल विचारलंत तर संपलं! "घरी शेवेचा सोऱ्या हाय न्हवं? तेच. वर चाड्यात प्लास्टिकची पावडर वतायची. आत मळसूत्र फिरतं, पावडर तापून लगदा व्हती, पुढं रेटली जाती. तोंडाला मधी खुंटी, म्हणून माल पोकळ निघतो. गयेची शेव खाल्ली अस्ती तर इचारलं नसतं."

दुष्काळात वीज गेली की सगळे शिव्या देतात, नाना खूश होतात. मशीन थांबलं की आतला माल करपतो. वीज आल्यावर निघणारा करपट पाइप भंगारात जातो, पण त्याच्या मागून येणाऱ्यावर नुसत्या तपकिरी रेघा असतात. तो विकला जात नाही, म्हणून नाना डोंगरवस्तीवर नेतात. चांगले पाइप अर्थात संचालकांच्या मोसंबीला!

मी पेटलो. पत्रक काढलं : 'डोंगरवस्तीला डागी पाइप? हा अपमान सहन करणार नाही!'

नानांनी वाचलं. "लई झ्याक लिवलंय." मग पत्रकाची नळी केली आणि तिच्यातही हाक मारली.

"नाना, थट्टा पुरे!"

"डाग भाईर हाय बे, पाणी आतून जातं. डोंगरावरच्या टाकीवरून हंडा घेऊन उतरताना गया पडली, तवापासून बाजेवर हाय. शेजारणी पाणी देत्यात. पर मागायला लाजती, म्हणून कमी पिती."

मी पत्रकं पिशवीत कोंबली आणि पाइप उचलायला गेलो.

टाकीपासून गयाबाईंच्या दारातल्या बाजेपर्यंत रेघारेघांचे पाइप जोडून झाले. टाकीला जोडायचं टोक तेवढं राहिलं. नाना त्याच्यापाशी गुडघ्यांवर बसले.

"गयेऽ, ऐकू येतंय का?"

त्यांनी पाइपाला कान लावला. मग आतून बारीक आवाज आला, "कावून वरडता? पाणी सोडा की! शेजारणींना च्या पाजायचाय."

नाना कान काढेनात.

"नाना, जोडा आता."

"थांब बे," ते हळूच म्हणाले, "येकदा पाणी आलं की ह्यातून बोलता यायचं न्हाई."