कुमाचं पोट

राडिसावला दोन गोष्टी हव्या होत्या. मान ताठ व्हावी, आणि पोटात दुर्बीण घालून घ्यायला लागू नये.

मणक्याच्या संधिवातानं तो इतका वाकला होता, की अख्ख्या पिरोत गावातली माणसं तो बुटांवरून ओळखायचा. डॉक्टर बोयाना म्हणाल्या, "नवं इंजेक्शन देते. पण आधी शौचाचा नमुना आणा. या आजारात कधी कधी आतड्याला सूज असते. तशी निघाली, तर आधी दुर्बीण."

राडिसाव नमुन्याची रिकामी डबी घेऊन थेट झिवादिनकडे गेला. झिवादिन त्याचा कुम, म्हणजे लग्नात त्याच्या शेजारी साक्षीला उभा राहिलेला माणूस. आमच्याकडे कुम सख्ख्या भावाच्याही वर. त्यानं काही मागितलं की नाही म्हणायचं नसतं.

"करवत हवी का?" झिवादिननं विचारलं.

"नाही."

"शिडी?"

राडिसावनं डबी राकिया दारूच्या पेल्याशेजारी ठेवली आणि सगळं सांगितलं.

झिवादिननं डबी उचलून उजेडात धरली. "तुझं स्वतःचं काय झालं?"

"माझ्या पोटाचा भरवसा नाही. तू खिळे पचवतोस, असं तूच गावभर सांगतोस ना?"

"सांगतो," झिवादिन म्हणाला. त्याला जरा बरंच वाटलं. "सकाळी ये."

आठवड्यानं डॉक्टरांनी चष्मा काढला. "भरपूर सूज आहे. गुरुवारी दुर्बीण."

राडिसावला दुर्बिणीचं भय होतंच, पण आता त्याहून मोठी काळजी लागली. गप्प बसलो, तर झिवादिनचं काय?

"डॉक्टर, ज्याचा हा नमुना, त्याला धोका आहे?"

"ज्याचा म्हणजे? तुमचाच ना?"

राडिसाव त्यांच्या बुटांकडे बघत राहिला. "कुमाचा आहे."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग नवी डबी पुढे सरकवली. "त्यांना आजच बोलवा. आणि तुम्ही, तो समोर संडास. दाराबाहेर नर्स उभी राहील."

झिवादिन फणफणतच आला. "मला काही होत नाही."

"पाठ दुखते?" डॉक्टरांनी विचारलं.

"सकाळी दुखते. लाकडं फोडतो मी."

"शौचावाटे रक्त?"

झिवादिननं छताकडे पाहिलं. "बीट खातो मी."

गुरुवारी दुर्बीण झिवादिनच्याच पोटात गेली. आतडं सुजलेलं निघालं. पाठीची तपासणी केली, तर मणक्यात तोच संधिवात, नुकता सुरू झालेला. वेळेवर सापडला, असं डॉक्टर म्हणाल्या. राडिसावचा नमुना मात्र स्वच्छ निघाला. खरं वागला असता, तर इंजेक्शन त्याला आठवड्यापूर्वीच मिळालं असतं.

तो झिवादिनच्या खाटेशेजारी बसला होता. "रागावलास, कुमा?"

"नाही," झिवादिन डोळे मिटूनच म्हणाला. "पण उद्या तुला मूत्रपिंड लागलं, तर शेजाऱ्याकडे माग. माझ्यात अजून काय काय निघेल, कुणी सांगावं."