अकरा बांध्या, अकरा व्हॉईसरॉय

बायकोच्या अभ्यासात नवऱ्यानं पडू नये, हे मी आता अनुभवानं सांगतो. मी पडलो त्या रविवारी मला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. (ऑफिसात मी लिपिक आहे. ऐकण्याचा पगार मला तिथं मिळतो, घरी नाही.)

आमची ओमेश्वरी राज्यसेवेची तयारी करत होती. तिसरी खेप. मागच्या दोन्ही वेळा पूर्व परीक्षेतच गाडी अडली, आणि दोन्ही वेळा इतिहासानंच अडवली. राज्यघटना बाईला तोंडपाठ, पण इंग्रजांचे व्हॉईसरॉय आले की ते तिच्या डोक्यात एकमेकांच्या खुर्चीवर जाऊन बसायचे. "या वेळी नाही निघाली तर पुस्तकं बांधून माळ्यावर टाकते," असं तिनं सांगून टाकलं होतं. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मला मनातून फार वाईट वाटलं. एवढी हुशार बाई, आणि मेल्या लॉर्डांपायी हरणार?

आता आमच्याकडे धानाचं शेत म्हणजे बांध्या. चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातलेले तुकडे, एकाखाली एक. वरच्या बांधीचं पाणी खालच्या बांधीत उतरतं. सडक अर्जुनीजवळच्या आमच्या शेतात नहरापासून खालच्या तळ्यापर्यंत अशा अकरा बांध्या. आणि कॅनिंगपासून कर्झनपर्यंत व्हॉईसरॉय किती? मोजून अकरा. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला माझाच अभिमान वाटला.

टिनाच्या पाट्या कापल्या, ऑईलपेंटनं नावं लिहिली. ओमेश्वरी रोज संध्याकाळी धुऱ्यानं चालेल आणि क्रम डोळ्यांत बसेल, अशी योजना. मी पाट्या गाडत होतो तेव्हा बाबूजी येऊन उभे राहिले. बाबूजी म्हणजे माझे वडील, लक्ष्मीचंद टेंभरे, शिक्षण चौथी.

"हे कोन पाहुने होत?"

"व्हॉईसरॉय."

"कायले गाडून राहिला बांधीत?"

"ओमेश्वरीच्या परीक्षेसाठी."

बाबूजींनी एक पाटी हलवून पाहिली. मग म्हणाले, "मंग खोल गाड. वाऱ्यानं पडले नाही पायजे."

एक काठी उरली, तिच्यावर माझा ऑफिसचा जुना शर्ट चढवून त्यांनी बुजगावणं केलं. (दुसऱ्याच दिवशी त्याच्या खांद्यावर दोन साळुंक्या बसलेल्या मी पाहिल्या.)

आठ दिवसांत सगळं शेत इंग्रजी झालं. धानाच्या रोवणीला येणाऱ्या शकुंतलाबाई सांगायच्या, "लॉरेन्समंधी साप निंगाला जी." शेजारचा नंदलाल भांडायला आला की आमच्या मेयोनं त्याचा फूटभर धुरा खाल्ला. कर्झनात पाणी सारखं उभं राहत नव्हतं म्हणून बाबूजींनी मधे एक आडवा धुरा घातला. ओमेश्वरी टाळ्या पिटत सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, बंगालची फाळणी झाली." सहा दिवसांनी तो धुरा फुटला, तर म्हणाली, "रद्दही झाली." ती हसून राहिली होती आणि तिला साल पाठ होऊन राहिलं होतं. मी कॉलर ताठ करून फिरायला लागलो.

मग एक दिवस ऑफिसात साहेबांसमोर फाईल घेऊन उभा असताना फोन वाजला. माझ्या फोनचा स्पीकर आपोआप सुरू होतो, तो झाला.

"टिकेश, एल्गिन बुडला," बाबूजी म्हणाले.

"कोणता एल्गिन?"

"पयला. लॉरेन्सकडून फोडू का?"

"नका फोडू, मी येतो."

साहेबांनी चष्मा काढला. "कोण बुडालं, टेंभरे?"

"एल्गिन, साहेब. आमच्याकडे दोन आहेत. दुसरा बरा आहे."

साहेबांनी तीन दिवसांची रजा न मागता दिली.

कापणीच्या तोंडावर ओमेश्वरी गोंदियाला पेपर देऊन आली. चेहरा उजळलेला. "अहो, व्हॉईसरॉयच्या क्रमाचाच प्रश्न आला. लिटन आधी की रिपन, तिथंच फसवत होते."

"सोपा आहे," मी म्हणालो. "रिपन, मग लिटन."

"लिटन, मग रिपन," ती शांतपणे म्हणाली.

मी हातानं पाट्या गाडलेला माणूस. तिला आणि बाबूजींना घेऊन थेट शेतावर गेलो. सहावी बांधी, लिटन. सातवी बांधी, रिपन. मी दोनदा मोजलं.

"मी उलट गाडले होते," मी म्हणालो.

"गाडले होते ना," बाबूजी म्हणाले. "सून रोज सयपाक करता करता मोठ्यानं म्हनते, लिटन, रिपन, डफरिन. मी आयकून राहिलो होतो. चूक दिसली त मीच बदलवल्या. दोन मयने झाले. तुले बोललो नाही, तुले वाईट वाटलं असतं."

ओमेश्वरी वाकून त्यांच्या पाया पडली. मी बुजगावण्यावरच्या साळुंक्यांकडे पाहत राहिलो.

निकाल लागला. ओमेश्वरीची पूर्व परीक्षा निघाली. मुख्य अजून बाकी होती, तरी गावात पेढे वाटले गेले. मी एकेकाला धरून सांगत होतो, "माझी बायको." ऊर नुसता भरून आला होता. बाबूजींनी पहिल्या बांधीतला कॅनिंग उपटला आणि नवी पाटी ठोकली: सौ. ओमेश्वरी टेंभरे. अक्षर वाकडं, पण एवढी सुंदर पाटी मी आजवर पाहिली नाही.

मी जरा घोटाळलो. मग धीर करून म्हणालो, "बाबूजी, कल्पना तर माझी होती. माझ्या नावाची एखादी पाटी?"

बाबूजींनी हातोडी खाली ठेवली आणि बुजगावण्याकडे बोट केलं.

"तुले पाटी कायले पायजे? तू त पयल्या दिवसापासून उभा हायेस."