वसंतकाकांचा कोतवाल

आमच्या कळंबात सकाळी कोणी भेटलं की लोक 'चहा झाला का' म्हणून विचारतात. आमचे शेजारी वसंतकाका विचारतात, "काम्पुटर झोपलं का तुमचं?" आणि झोपलंय म्हटलं की त्यांचा चेहरा असा खुलतो, जणू पाहुण्यानं लग्नाची पत्रिकाच हातात दिली.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, शेत घेतात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. काकांनी एक काळी पेटी आणली. पोळ्यांच्या डब्याएवढी. घरातले फोटो, कागद, गाणी सगळं त्या पेटीत साठवायचं आणि घरातल्या सगळ्या यंत्रांनी तिथून घ्यायचं, अशी ती सोय. पण काकांना तिचा दुसराच गुण भावला. ही पेटी कधी झोपत नाही आणि तारेनं जोडलेल्या झोपलेल्या काम्प्युटरला हाक मारून उठवते. फोनवरून पेटीला निरोप द्यायचा, पेटी काम्प्युटरला उठवणार. काकांनी तिचं नाव ठेवलं कोतवाल.

इन्व्हर्टरचं बटन देवघराजवळ होतं, म्हणून कोतवाल देव्हाऱ्याखालीच बसला. संक्रांतीला हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईनं त्यालाही दोन बोटं हळद-कुंकू लावलं. काकांनी ते पुसलं नाही. "राहू दे. तोही जागताच हाय," म्हणाले.

ओट्यावर बसून ते आतल्या खोलीतलं काम्प्युटर सुरू करत. आत जायला दहा पावलं. मी एकदा म्हटलं, "काका, उठून बटन दाबलं तर?"

"बटन दाबाले मानूसच लागत असन, बेटा, तर मंग कोतवाल कायले ठेवला?"

पुढे त्यांनी भिंतीवरून तार टाकून आमचंही काम्प्युटर कोतवालाच्या हद्दीत घेतलं; त्यातलं सगळं त्यांना आपल्या पडद्यावर दिसायचं. त्याची माहिती सासूबाईंना द्यायची राहिली. दुपारी त्या एकट्या तूर निवडत बसलेल्या. समोरचं काम्प्युटर आपोआप घरघरलं आणि पडदा उजळला. मी शाळेत शिकवून आले तेव्हा काम्प्युटरसमोर उदबत्ती लावलेली होती आणि सासूबाई बाहेर ओट्यावर. "कोनी हात नाही लावला वं," एवढंच म्हणत होत्या. भिंतीपलीकडून काकांचा आनंदी आवाज आला, "उठलं का?"

एकदा ते फुलसावंगीला भाच्याच्या लग्नाला गेले. अक्षता वाटून झाल्या, भटजी सुरू करणार, तेवढ्यात काका मांडवातून गायब. रेंजसाठी ते पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर चढले होते. तिथून मला फोन.

"बेटा, खिडकीतून पाय बरं, आमच्या खोलीत उजेड दिसून राह्यला का?"

"लाईन गेली आहे, काका. अख्खं कळंब अंधारात आहे."

"पन कोतवाल तर इन्व्हर्टरवर हाय!"

"तो आहे. काम्प्युटर नाही ना."

मग खोल आवाजात म्हणाले, "म्हंजे कोतवाल जागा, अन् गाव मेलं." त्या लग्नात मामाशिवायच मंगलाष्टकं झाली. बहीण अजून ऐकवते.

आम्ही सगळे हसायचो. मीही. पण गेल्या वर्षी सुधीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पोटाच्या दुखण्यानं नागपूरला न्यावं लागलं. सासूबाई नणंदेकडे, घराला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. ऑपरेशन ताबडतोब करायचं ठरलं. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "आधी कधी भूल दिली होती? काही त्रास?" झाला होता, जीव घाबरा करणारा त्रास झाला होता. पण औषधाचं नाव मला आठवेना. तो कागद मी स्कॅन करून घरच्या काम्प्युटरवर ठेवला होता. मी रडतच काकांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"रडू नको. कुलूप राहू दे. पयले त्याले उठवतो." मग काही क्षणांनी, "उठलं! मी माह्या घरूनच पाहून राह्यलो. आता सांग, कागद कोन्त्या नावानं ठेवला?"

"नवीन."

"बेटा, अथी 'नवीन' हाय, 'नवीन नवीन' हाय, अन् 'खरंच नवीन' हाय."

त्या अवस्थेतही मला हसू आलं. "तिन्ही उघडा, काका."

कागद 'नवीन नवीन'मध्ये निघाला. माझ्या फोनवर आला, डॉक्टरबाईंनी वाचला, म्हणाल्या, "बरं झालं. हेच औषध देणार होतो." त्यांनी दुसरं दिलं. सुधीर संध्याकाळी डोळे उघडून पाणी मागत होता.

परत आल्यावर मी पेढे घेऊन काकांकडे निघाले. ते वाटेत, बाजारातच भेटले. वांग्यांचा भाव करत होते. बोलता बोलता त्यांनी फोन पाहिला आणि हातातलं वांगं खाली ठेवलं. मीही डोकावले.

फोनवर त्यांच्या घरातली खोली दिसत होती; तिथे त्यांनी कॅमेरा लावला होता. सुमनकाकू, त्यांची बायको, नुकत्याच जाग्या होऊन पलंगावर बसल्या होत्या. काकूंना विसरायला होतं एवढं गल्लीला माहीत होतं. किती, ते मी तेव्हा पाहिलं. त्या भिंतीकडे, दाराकडे, स्वतःच्या हातांकडे पाहत होत्या, परक्या गावी उतरल्यासारख्या. उठून दार ओढू लागल्या. ते बाहेरून लावलेलं होतं.

काकांनी फोनवर बोट दाबलं. खोलीतलं काम्प्युटर उजळलं आणि त्यावर, आधी रेकॉर्ड करून ठेवलेले, काकाच बोलू लागले. "सुमन, मी वसंता. हे आपलंच घर हाय. मी भाजी आनाले गेलतो. भिऊ नको, येऊनच राह्यलो."

काकूंनी दार सोडलं. पडद्याजवळ गेल्या, पदर नीट केला आणि त्याला काहीतरी उत्तर दिलं.

"काम्पुटर रोज उठते का, ते पाहाच लागते," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "म्हनून तुमचे-आमचे सगळे उठवत राह्यतो. एखाद्या दिवशी नाही उठलं तं तिचं काय?"

वांगेवाला तागडी धरून थांबला होता.

"काका, बाजाराच्या दिवशी मी बसत जाईन काकूंजवळ. दाराला कडी नको."

"ते तुले ओळखनार नाही, बेटा."

"न ओळखू दे."

आता मी जाते. शाळा सुटली की पिशवी ठेवून तिकडेच. काकू दर वेळी विचारतात, "तू कोनाची वं?" मी सांगते, शेजारची. मग त्या मला बसायला सांगतात, चहा ठेवते म्हणतात आणि विसरतात, तो मी ठेवते. काकांना पक्कं माहीत असतं की मी तिथे आहे. तरी बाजारातून ते काम्प्युटर उठवतातच. पडद्यावर ते बोलायला लागले की मी कप खाली ठेवते आणि जरा बाजूला सरकते.